राहून गेलेली लस

हामाओ बंदराच्या माध्यमिक शाळेत तळमजल्यावर, बूट ठेवायच्या फडताळाला लागून एक खोली होती. दोन पलंग, मध्ये पांढरा पडदा, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि खिडकीत जवाच्या चहाची किटली. ही आरोग्यखोली, आणि तिथल्या बाई म्हणजे हात्सुए शिमोदे. सगळे त्यांना शिमोदेबाई म्हणत. नोकरीची पहिली पंचवीस वर्षं त्यांच्या किनाऱ्यावरच्या शाळांतून बदल्या होत राहिल्या. हामाओत आल्या त्या मात्र निवृत्तीपर्यंतची बारा वर्षं तिथेच राहिल्या, कारण इतक्या आडगावी यायला दुसरं कुणी तयार नव्हतं आणि बाईंनाही कुठे जायचं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. वडील माकूल धरायच्या होडीवर असायचे, ते केव्हाच गेले होते. म्हातारी आई होती, तिचंही सगळं त्यांनी शेवटपर्यंत एकटीने केलं.

मुलं त्यांच्याकडे औषधासाठी थोडीच येत? बहुतेक वेळा ती वर्गातून पळून येत.

"बाई, पोट दुखतंय."

"गणिताचा तास आहे का?"

"...हो."

"मग दहा मिनिटं दुखू दे. अकराव्या मिनिटाला बरं वाटायला हवं."

सगळ्यांत जास्त पोट दुखायचं ते कोनात्सु मोरिवाकीचं. ही मुलगी गुरुवारी, पोहण्याच्या तासाला, न चुकता पलंगावर येऊन बसायची. तिचा बाप ओसाकाला कामाला गेला तो तिकडचाच झाला. आई योशिमी बंदरावर माकूल वाळवायच्या शेडमध्ये पहाटे पाचपासून उभी असायची. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून पोरगी इथे येऊन बोलायची. तिचं सगळं लक्ष लोकांच्या केसांकडे. मुख्याध्यापकांचं टक्कल कुठून सुरू झालं आणि कुठवर जाणार, हे तिनं सातवीतच सांगून ठेवलं होतं.

"बाई, तुमचे केस कोण कापतं?"

"मीच."

"दिसतंय."

बाई हसल्या आणि तिला जवाचा चहा दिला.

त्या वर्षांत एक नवी लस आली होती. गर्भाशयाच्या मुखाला होणारा कॅन्सर पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे होतो आणि हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. तो अंगात शिरण्याआधी, म्हणजे कोवळ्या वयातच, लस टोचली तर पुढचा बराचसा धोका टळतो. एकदा शिरल्यावर लसीचा उपयोग नाही. नगरपालिका ही लस फुकट देत होती. पत्रकं वाटायचं, आयांना समजावून सांगायचं काम बाईंकडे होतं आणि त्या ते मनापासून करत. वर्गातल्या बहुतेक मुलींनी लस घेतली. कोनात्सुची राहिली होती. योशिमीला शेडमधून सुट्टी मिळत नव्हती, आज-उद्या करता करता पोरगी नववीत पोचली. शेवटी जूनमधल्या एका शनिवारची वेळ ठरली.

पण त्याआधी हिवाळ्यात दुसरंच काही घडलं होतं. सातवीतली रिहो नावाची मुलगी दुसऱ्या सुईनंतर हात दुखतो म्हणत खोलीत आली. आठवड्यानं पुन्हा आली. मग रोज यायला लागली. तिला पेन्सिल धरवेना, फळ्यावरचं उतरवून घेता येईना. चार डॉक्टर झाले. एक म्हणाला मनाचं आहे, एक म्हणाला थांबून बघू. बाई रोज गरम पाण्यात टॉवेल पिळून तिच्या खांद्यावर ठेवायच्या आणि ती मुलगी दात आवळून रडायची. मनाचं आहे म्हणणाऱ्या डॉक्टरला बाईंनी मनातल्या मनात हजार शिव्या दिल्या असतील. त्यानंतर टीव्हीवर रोज तशाच मुली दिसायला लागल्या. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणाचे पाय थरथरताहेत. बाईंना प्रत्येकीत रिहोच दिसायची.

जूनच्या मध्यात परिपत्रक आलं. लस बंद केलेली नव्हती, फुकट मिळणारच होती. फक्त सरकार आता 'घ्या' म्हणून सांगणार नव्हतं. घरोघरी पत्रं पाठवणं थांबवायचं होतं.

त्याच आठवड्यात योशिमीचा फोन आला. मागे शेडमधल्या पंख्यांचा घोंघाट.

"शिमोदेबाई, शनिवारी कोनात्सुची ती सुई आहे. न्यायची ना?"

बाईंच्या समोर परिपत्रक होतं. पडद्यापलीकडे रिहो झोपली होती.

"थांबा थोडं," बाई म्हणाल्या. "घाई कशाला? नक्की काय ते कळू दे. फुकट मिळायला अजून दीड वर्ष आहे तिच्याकडे."

"बरं झालं बाई, तुम्हीच म्हणालात. मलाही भीतीच वाटत होती."

फोन ठेवला. बाईंना त्या दिवशी हलकं वाटलं होतं, हे त्यांनी पुढे कधी स्वतःपासून लपवलं नाही. उरलेली पत्रकं दोरीनं बांधून त्यांनी कपाटाच्या खालच्या खणात टाकली. दीड वर्ष गेलं, नक्की काय ते कुणी सांगितलं नाही, आणि बाईंनीही पुन्हा फोन केला नाही. रिहोचा हात पुढच्या उन्हाळ्यात हळूहळू बरा झाला. का दुखत होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मुली मोठ्या झाल्या. कोनात्सु केस कापायचं शिक्षण घ्यायला मात्सुए शहरात गेली आणि तिथल्याच एका सलूनमध्ये लागली. नववर्षाला गावी आली की बाईंकडे यायची. त्यांच्या केसांकडे बघून कपाळावर हात मारायची आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून कात्री चालवायची. होड्यांवरचे मोठे दिवे दुरुस्त करणाऱ्या ताकुरो नावाच्या अबोल पोराशी तिनं लग्न केलं. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी हजारो मुलींची पाहणी केली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींत त्या सगळ्या त्रासांचं प्रमाण सारखंच निघालं. रिहोसारख्या मुलींचं दुखणं खोटं नव्हतं, पण ते लसीमुळे होतं असं काही दिसलं नाही. बाईंनी ही बातमी वाचली. कात्रण कापून ठेवलं. तोवर त्यांच्या वेळच्या मुली वीस-बावीस वर्षांच्या झाल्या होत्या आणि बाई निवृत्त. नऊ वर्षं उलटल्यावर सरकारनं पुन्हा 'घ्या' म्हणायला सुरुवात केली. मधल्या ज्या मुलींची लस राहून गेली त्यांनाही ती तीन वर्षं फुकट मिळणार, असं जाहीर झालं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात योशिमीचा फोन आला. या वेळी मागे पंखे नव्हते.

"बाई, कोनात्सुला दिवस गेलेत."

"अगं, अभिनंदन!"

योशिमीनं ते ऐकलंच नसावं.

"पहिल्या तपासणीत खालचं काहीतरी बघतात ना, त्यात सापडलं. सोमवारी मोठ्या डॉक्टरणीनं बोलावलंय. ती काय बोलेल ते आम्हाला कळणार नाही. तुम्ही याल?"

मात्सुएच्या रुग्णालयातल्या डॉ. नागुरा पन्नाशीच्या, आवाज खालच्या पट्टीतला. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला कोनात्सु, ताकुरो आणि योशिमी. बाई मागे, भिंतीला लागून बसल्या. डॉक्टरांनी कागदावर गर्भाशयाचं चित्र काढलं आणि मुखाशी पेन्सिलनं एक गोल केला. गाठ तीन सेंटिमीटरच्या वर होती. आजूबाजूच्या ग्रंथींपर्यंत पोचल्याची शंका होती. बाळ अकरा आठवड्यांचं.

"बाळ बाहेर काढण्याएवढं होईपर्यंत थांबलं तर?" कोनात्सुनं विचारलं.

"अजून निदान चार-पाच महिने लागतील. गाठ तेवढी थांबणार नाही."

"म्हणजे गर्भाशय काढायचं."

"हो."

"बाळासकट."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी नजर खाली केली नाही.

ताकुरो खुर्चीत पुढे झुकला. अचानक म्हणाला, "मी वाचलं, हे एका विषाणूमुळे होतं. माझ्याकडून गेला का तो?"

डॉ. नागुरांनी पेन्सिल ठेवली. "कुणाकडून आला, केव्हा आला, हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही. हा विषाणू इतका सर्रास आहे की बहुतेक सगळ्यांना, बायकांना आणि पुरुषांनाही, आयुष्यात कधी ना कधी होतो. ताप येत नाही, काही दुखत नाही. दहातल्या नऊ जणींच्या अंगातून दोनेक वर्षांत आपला आपण निघून जातो. एखादीच्या अंगात मुक्काम करतो. मग तिथल्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. त्याचा कॅन्सर व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षं जातात, काहींच्या बाबतीत फार कमी. मधल्या काळात तपासणीत दिसलं तर एवढासा तुकडा काढला की भागतं. बाळंही होतात पुढे."

"विसाव्या वर्षी त्या तपासणीचं कुपन आलं होतं," कोनात्सु म्हणाली. "आरशाला खोचून ठेवलं होतं. मंगळवारीच सुट्टी असायची. आणि... लाज वाटली. त्या खुर्चीवर बसायची."

"खूप जणींना वाटते," डॉक्टर म्हणाल्या.

लसीबद्दल कुणी काही बोललं नाही. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांना पंख्यांचा तो घोंघाट ऐकू येत होता.

बाहेर पडताना बाई दारात थांबल्या. बाकीचे पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "लस घेतली असती तर?"

"गाठीत जो प्रकार सापडलाय तो त्या लसीतलाच आहे. वेळेत घेतली असती तर टळलं असतं, अशी शक्यता मोठी आहे. नक्की म्हणाल, तर तसं मी लिहून देणार नाही."

"तेवढं पुरे," बाई म्हणाल्या.

डिसेंबर लागायच्या आत शस्त्रक्रिया झाली. मग किरणं, मग सलाईनमधून औषधं. बाई दर मंगळवारी बसनं मात्सुएला जायच्या, सफरचंद सोलून द्यायच्या आणि पाच वाजताची बस धरून परत यायच्या. जानेवारीत एकदा खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. कोनात्सु उशीला टेकून बसली होती. केस गळतील म्हणून तिनं ते आधीच स्वतः कापून टाकले होते.

"बाई, आई म्हणते, मी नववीत असताना तिनं तुम्हाला फोन केला होता."

"हो. मी थांबा म्हटलं."

"मला वाटलं, तुम्ही परिपत्रकाचं सांगाल."

"ते होतं समोर. पण फोनवर मी होते."

कोनात्सुनं सफरचंदाची फोड हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. "मी रागावलेय तुमच्यावर."

"रागाव."

"नाही, म्हणजे खरंच रागावलेय. तुम्ही येता ते मला आवडतं. आणि तुम्ही गेलात की वाटतं तुम्हाला ओरबाडावं."

"मग येऊ नको का?"

"असं कुठे म्हटलं मी?" ती चिडून म्हणाली. मग आवाज उतरला. "आईवर रागावता येत नाही. ती लगेच रडते. ताकुरो तर दारातूनच रडत येतो. तुम्ही नाही रडत. म्हणून तुम्ही या."

बाई येत राहिल्या. बसमध्ये शेवटच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून, हामाओचा फाटा येईपर्यंत त्या काय करायच्या ते ड्रायव्हरला आरशात दिसत असणार. तो कधी काही बोलला नाही. एकदा मात्र त्यानं उतरताना रुमाल पुढे केला.

गावात कुजबुज होतीच. वसंतात एक दिवस योशिमी बाईंच्या दारात आली. अंगावर शेडचा रबरी एप्रन तसाच.

"शेडमधली कावाझोए काकू म्हणते, केसांच्या दुकानात पुरुषही येतात म्हणे. म्हणते, असला आजार साध्या बाईला कसा होईल. बाई, तुम्हीच सांगा, माझ्या पोरीनं काय केलं हो?"

"केस कापले. लग्न केलं. दुसरं काय करणार?"

"पण मग तिलाच का?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या चहाच्या सुट्टीत त्या शेडमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. दोऱ्यांवर माकुलं ओळीनं लटकत होती, खाली उलट्या टोपल्यांवर सात-आठ बायका लोणच्याचा मुळा चघळत बसल्या होत्या.

"अरे, बाई! बसा, चहा घ्या."

"चहा नंतर. कावाझोए काकू, तुमचं लग्न झालंय ना?"

"चाळीस वर्षं झाली की," काकू हसली. "नवरा पाहिलाय ना तुम्ही? झालेलं दिसत नाही?"

"आणि तुम्हा सगळ्यांची?"

"सगळ्यांची. सातोए तर दोनदा उरकून बसलीय."

"मग ऐका. कोनात्सुच्या अंगात जो विषाणू शिरला तो तुमच्यातल्या बहुतेकींच्या अंगात येऊन गेलाय. तुमच्या अंगातून तो निघून गेला, तिच्या अंगात राहिला. एवढाच फरक."

"माझा नवरा तसला नाही हं बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"तसला असावा लागतच नाही. एकच नवरा, एकच बायको, तरी होतो. सर्दीला कुणी चारित्र्य विचारतं का?"

दोघी हसल्या. कावाझोए काकू हसली नाही. तिनं कपातला चहा जमिनीवर ओतला आणि योशिमीच्या रिकाम्या टोपलीकडे बघत राहिली. संध्याकाळी तिनं योशिमीच्या दाराशी मुळ्याची बरणी ठेवली. माफी मागणं तिला जमत नसे.

उन्हाळ्यात कोनात्सुचे केस थोडे परत आले, मुलाच्या केसांसारखे राठ. ती घरी आली. पुन्हा कामावर जायच्या गोष्टी करू लागली. कात्र्यांना तेल दिलं. पण शरद ऋतूत खोकला सुरू झाला आणि छातीच्या फोटोत पांढरे ठिपके दिसले. त्यानंतर डॉ. नागुरांनी चित्रं काढली नाहीत. औषधं बदलली, पुन्हा बदलली. एप्रिलमध्ये कोनात्सुनं स्वतःच पुरे म्हटलं आणि हामाओला आईच्या घरी आली. सरकत्या दाराजवळ, जिथून बंदराचा कोपरा दिसतो तिथे तिचं अंथरूण घातलं.

एका दुपारी तिनं बाईंना जवळ बोलावलं. "ती कपाळावरची बट बघवत नाही मला. या इकडे."

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि मान खाली केली. कात्री दोनदा चालली, तिसऱ्यांदा तिनं ती खाली ठेवली.

"वाकडं झालं," ती म्हणाली.

"राहू दे. आता वाढेल तसं वाढेल."

"बाई, अजून राग आहे थोडा."

"असू दे."

"माझ्या वर्गातल्या नाओकोनं घेतली होती का हो लस?"

"घेतली होती. तिची मोठी बहीण होती ना, तिच्याबरोबर."

"आणि आमच्या मागच्या? आठवीतल्या, सातवीतल्या?"

बाईंनी कात्री उचलून बाजूला ठेवली. आठवीतल्या निम्म्याशिम्म्या मुलींना पहिली सुई मिळाली होती. सातवीतल्या एकीलाही नाही. त्यांच्या मागून आलेल्या मुलींना तर अशी लस असते हेच कुणी सांगितलं नव्हतं. कोनात्सुनं डोळे मिटले. तिला झोप लागली असं बाईंना वाटलं, पण ती म्हणाली, "मग तुम्ही इथे काय करताय?"

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, ताकुरो तिचे पाय चोळत असताना ती गेली. पंचवीस वर्षांची होती. दहनानंतर घरच्यांनी काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवल्या. योशिमीचा हात चालेना, तेव्हा ताकुरोनं तिचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून ठेवल्या. कलश घरातल्या देव्हाऱ्यासमोर राहिला. योशिमी कामावर जायची, यायची, दार लावून घ्यायची. बाई गेल्या तरी उघडत नसे. आतून नुसतं म्हणायची, "आज नको बाई."

बाईंनी जुन्या फोटोंच्या वह्या काढल्या. २०१३ ची सातवी आणि आठवी, आणि त्यानंतरची पाच वर्षं. शाळा लहान, वर्गात आठ-दहा मुली, तरी साठाच्या आसपास नावं निघाली. पुढच्या मार्चअखेर फुकट लसीची मुदत संपणार होती आणि तीन सुयांना सहा महिने लागतात. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत पहिली टोचायला हवी. मुली कुठे कुठे पांगलेल्या, पण बहुतेकींचे आईबाप अजून गावातच. बाईंनी सायकल काढली.

काही घरी आया रडल्या, काही घरी चहा झाला. एका घरी म्हाताऱ्या आजोबांना वाटलं बाई मुलीसाठी स्थळ घेऊन आल्यात. त्यांना खरी गोष्ट सांगताना बाईंची तारांबळ उडाली. आणि काही दारं बंद झाली. बंदराच्या टोकाला राहणारी एक आई दारातच उभी राहिली.

"दहा वर्षांपूर्वी तुम्हीच आम्हाला पत्रकं द्यायचं बंद केलंत. आता तुम्हीच घ्या म्हणताय. आम्ही काय समजायचं?"

"तेव्हा मी चुकले," बाई म्हणाल्या आणि कमरेत वाकल्या, खूप वेळ.

"माझी पोरगी तेवीस वर्षांची आहे. तिचं लग्न ठरतंय. आता घेऊन उपयोग काय?"

"बाराव्या वर्षी झाला असता तेवढा होणार नाही. पण जे प्रकार अजून शिरले नाहीत ते तरी अडतील. आणि लस घेतली तरी दोन वर्षांनी एकदा तपासणी करायचीच. लस न घेणारीनं तर करायचीच करायची."

"विचार करते," ती म्हणाली आणि दार सरकवलं. तिच्या मुलीनं घेतली की नाही ते बाईंना कधी कळलं नाही.

ज्या मुली बाहेरगावी होत्या त्यांना बाईंनी पत्रं लिहिली. रिहोचं घर आलं तेव्हा मात्र त्या सायकलवरून बऱ्याच आधी उतरल्या. रिहो आता बालवाडीत शिकवत होती. दार तिनंच उघडलं.

"तुला मी घे म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "तुझा हात मी पाहिलाय. फक्त तपासणीला जा. तेवढंच सांगायला आले."

रिहोनं उजवा हात डाव्या हातात धरला होता, अजूनही सवयीनं. "जाते बाई मी. दर दोन वर्षांनी जाते. त्या वेळी तुम्ही टॉवेल ठेवायचात ना, तेवढाच एक माणूस होता मला खरं मानणारा." मग ती म्हणाली, "कोनात्सुताईचं ऐकलं. माझ्यामुळे तर तिची लस..."

"नाही," बाई तिचं वाक्य तोडून म्हणाल्या. "ते मी केलं. तुझा त्यात काडीचाही दोष नाही. हे डोक्यातून काढून टाक, आत्ताच्या आत्ता."

ऑगस्टात पितरांच्या दिवसांत बाहेरगावच्या मुली घरी आल्या, तेव्हा बाई पुन्हा सगळीकडे जाऊन आल्या. सप्टेंबर संपला तेव्हा साठातल्या चोवीस जणींची पहिली सुई झाली होती. बाई याला यश म्हणत नव्हत्या. उरलेली छत्तीस नावं त्यांना तोंडपाठ होती.

योशिमीचं दार नोव्हेंबरात उघडलं. म्हणजे तीच बाईंच्या दारी आली, सकाळी दहाच्या सुमारास, एप्रनशिवाय, बाहेर जायच्या कोटात.

"आत ये," बाई म्हणाल्या. तिला त्यांनी कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबेत बसवलं आणि मुळ्याचं सूप गरम केलं. योशिमीनं वाटी दोन्ही हातांत धरली, पण प्यायली नाही.

"बाई, त्या फोनचं. तुम्ही मनाला लावून घेतलंय, मला माहीत आहे. गावभर फिरताय."

"लावून घ्यायला नको?"

"मी तुम्हाला फोन का केला, ठाऊक आहे? दवाखान्यात विचारता आलं असतं. मी तुम्हाला केला, कारण तुम्ही थांबा म्हणाल हे मला माहीत होतं. त्या रिहोचं कोनात्सुनं सांगितलं होतं मला. मला थांबाच ऐकायचं होतं. शनिवारी शेडमध्ये जादा काम होतं." ती वाटीकडे बघत म्हणाली, "शेडमध्ये काम होतं, बाई. बास. एवढंच होतं."

दोघींच्या मध्ये सुपाची वाफ वर जात होती.

"आज कुठून आलीस?" बाईंनी विचारलं.

योशिमीनं कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. नगरपालिकेच्या तपासणीचा निकाल होता, आजच दवाखान्यातून आणलेला. गेल्या महिन्यात ती कुणाला न सांगता एकटीच गेली होती. कोनात्सुच्या जन्मानंतर पहिल्यांदाच ती त्या खुर्चीवर बसली होती. बाईंनी चष्मा लावून कागद वाचला. सगळं ठीक होतं. पुढची तपासणी दोन वर्षांनी.

"काही नाही निघालं," योशिमी म्हणाली. "बावन्न वर्षांची आहे मी. जन्मात कधी गेले नाही, लस नाही, काही नाही. आणि मला काही नाही निघालं, बाई."

तिनं वाटी खाली ठेवली आणि कागदावर डोकं टेकवलं. बाई उठून तिच्या बाजूला जाऊन बसल्या. इतके दिवस बसच्या खिडकीकडे तोंड करून जे केलं, ते त्या दिवशी त्यांनी योशिमीच्या खांद्यावर डोकं ठेवून केलं.